वाकडी फुली

६ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर माझा आवाज ऐकून ठेवून देतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्ता तुझ्या त्या चष्मेवाल्या मित्राकडून काढून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस. बिचारा बराच वेळ नाही-नाही म्हणत होता, पण मी रोज दिवसभर लोकांचं गाऱ्हाणं ऐकणारी बाई, माणसाला पिडायचं कसं हे ऐकून ऐकून शिकले आहे.

विशेष काही नाही. बाबा बरे आहेत. मी आणि तुझे भावोजी बरे आहोत. आपल्या घरावर एक लाल फुली आली आहे, तेवढंच.

काल कचेरीतून परत जाताना बाबांकडे डोकावले. दाराशेजारच्या भिंतीवर, ‘येथे पाट्या रंगवून मिळतील’ या बाबांच्या अक्षरांच्या बरोबर खाली, ही भलीमोठी फुली. विचारलं, ही कोणी मारली? तर म्हणाले, “तुमच्याच लोकांनी.” तुमचे लोक म्हणजे नगरपालिका. मी तक्रारखिडकीत बसायला लागल्यापासून गावातला प्रत्येक तुंबलेला नाला माझ्या माहेरचा झाला आहे, हे तुला ठाऊकच आहे.

म्हणून आज सकाळी वर जाऊन चौकशी केली. आणि तेव्हापासून डोकं चक्रावलं आहे. आमच्याकडे लाल फुली दोन खाती मारतात. आरोग्यवाले मारतात, त्यांची फुली म्हणजे या घरात डासांची फवारणी झाली. बांधकामवाले मारतात, त्यांची फुली म्हणजे हे बांधकाम रस्ता रुंदीकरणात जाणार. मी आरोग्यवाल्यांना म्हटलं, अहो, काम झालं तर बरोबरची खूण करा ना, फुली कशाला? तर म्हणाले, “बरोबरची खूण केली की लोक समजतात घर कायदेशीर झालं.” यावर काय बोलणार? शिवाय खाली माझ्या खिडकीत मी अर्जावर पेन्सिलीने बारीक फुली करून देते, ती म्हणजे इथे सही करा. एकाच इमारतीत एका फुलीचे तीन अर्थ, आणि प्रत्येक खात्याला वाटतं की आपला अर्थ अख्ख्या जगाला पाठ आहे.

तशी ओळखायला सोपी असते म्हणे. आरोग्यवाले गेरू वापरतात आणि बांधकामवाले ऑइलपेंट. ओलं बोट फिरवलं की कळतं. पण आपल्या गल्लीत रंगावरूनही काही कळेनासं झालं आहे. का, ते लांबलचक आहे.

तुला हे का कळवते आहे, मलाही नीट सांगता येणार नाही. गेली तर समोरची खोली जाईल, म्हणून असेल. ज्या खोलीत तुला फ्लेक्स छापायचं यंत्र लावायचं होतं आणि बाबांना त्यांचे ब्रश ठेवायचे होते, ती. तिच्यावरून तुम्ही दोघे तीन वर्षं तोंड फिरवून बसलात. तू पिशवी भरत असताना बाबा म्हणाले होते, “जा. तुझ्या नावावर मी फुली मारली.” त्या दिवसापासून मी हा शब्द घरात वापरत नाही. कचेरीत दिवसातून शंभरदा वापरते. आणि आता तो भिंतीवरच येऊन बसला आहे.

असो. उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही.

ताई

१५ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं. तीन वर्षांनी एक ओळ! ‘गल्लीतल्या फुल्यांचे फोटो पाठव.’ ना मायना, ना खाली नाव, ना बाबा कसे आहेत. आमचे बांधकामवालेसुद्धा नोटीस पाठवताना वर ‘महोदय’ लिहितात. तरी मी ती ओळ पर्समध्ये ठेवली आहे आणि बसमध्ये दोनदा काढून वाचली. भाड्याचे सुटे पैसे शोधताना तीच हातात आली आणि कंडक्टरच्या हातावर ठेवणार होते.

फोटो सोबत आहेत. पहिला आपल्या घराचा. दुसरा शिवणवाल्या काकूंचा, त्यांनी आता पुढच्या पडवीत दोन मशिनी टाकल्या आहेत, एकीवर स्वतः बसतात आणि दुसरीवर त्यांची सून. बाकीचे ओळीने पुढच्या घरांचे. तुला कशाला हवेत, हे तू लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही.

इकडे ओव्हरसियर साहेबांच्या मागे लागले आहे. त्यांना आम्ही ‘बघतो साहेब’ म्हणतो, कारण कशालाही ते “बघतो” म्हणतात. पाणी येत नाही, बघतो. घराला आग लागली आहे, बघतो. मी विचारलं, साहेब, आमच्या गल्लीतल्या फुल्या तुमच्या की आरोग्याच्या? म्हणाले, “मोजणी ठेकेदाराच्या माणसांनी केली. ती माणसं आता दुसऱ्या गावी गेली. नकाशात रेघ आहे, पण नकाशा लहान आणि रेघ जाड, तुमची अख्खी गल्ली रेघेखाली झाकली जाते.” मग तोडणार कशावरून? “फुली आहे तिथे तोडायचं, नाही तिथे नाही. सरळ आहे.” ट्रक महिनाअखेरीस येणार.

सरळ आहे म्हणे! मी जिना उतरून खाली आले आणि खिडकीत बसून राहिले. समोर रांग होती. एकाच्या नळाला गढूळ पाणी, एकीच्या जन्मदाखल्यावर तिच्या आईचंच नाव मुलगी म्हणून पडलेलं. मला वाटलं, मी स्वतःच बाहेर जाऊन रांगेत उभं राहावं. पण मग आत कोण बसणार?

आणि तरी मी ही नोकरी सोडत नाही, याचं तुला नेहमी आश्चर्य वाटतं. आमच्याकडे एक आजोबा येतात. त्यांच्या घरासमोरचा खांबावरचा दिवा बंद होता. वर्षभर ते दर सोमवारी येऊन सांगत, दिवा बंद आहे. मी दर सोमवारी लिहून घेई आणि विद्युत खात्यात जाऊन भांडून येई. शेवटी एकदाचा दिवा लागला. तर पुढच्या सोमवारी आजोबा हजर. म्हटलं, आता काय झालं? म्हणाले, “काही नाही बाई. दिवा चालू आहे, ते सांगायला आलो.” तेव्हापासून दर सोमवारी येतात आणि दिवा चालू असल्याचं सांगून जातात. आमच्या रजिस्टरात हे लिहायला रकाना नाही. मी वरच्या कोऱ्या जागेत लिहिते.

एका संध्याकाळी मी वाट वाकडी करून तो दिवा बघायला गेले होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, भावोजींनासुद्धा नाही. खांबाखाली उभी राहून वर बघत बसले होते. वेडीच आहे मी.

बाबा बरे आहेत. तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. उलट सध्या भलतेच खुशीत असतात.

ताई

२१ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. ‘या फुल्या पालिकेच्या नाहीत, बाबांच्या आहेत. शेवटच्या घरांच्या वाकड्या का आहेत?’

तू ओळखशील, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. रेघ संपताना ब्रश उचलण्याचा तो बारीक हिसका, तो बाबांशिवाय कोणाचा असणार? मीही पहिल्याच दिवशी ओळखला होता. तुझ्यापासून लपवला, कारण कागदावर उतरवलं की ते खरं होतं. कचेरीत राहून लागलेली खोड आहे ही, जे लिहिलं नाही ते घडलं नाही.

तर ऐक. पालिकेची फुली आपल्या भिंतीवर आली, तेव्हा बाबा बाहेर येऊन तिच्यासमोर उभे राहिले. घर जाणार की राहणार, हा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. म्हणाले, “ही काय फुली आहे? एक पाय लांब, एक आखूड, आणि ओघळ पार पायरीपर्यंत. माझ्या पाटीखाली हे राहिलं तर लोक म्हणतील म्हाताऱ्याचा हात गेला.” आत गेले, लाल रंगाचा डबा काढला, दोरी धरून आखणी केली आणि पालिकेची फुली नीट करून टाकली. वर बारीक काळी कडसुद्धा ओढली!

मग शिवणवाल्या काकू म्हणाल्या, “आमचीही जरा सारखी करून द्या ना, गिऱ्हाईकं येतात-जातात.” यांनी तीही करून दिली. मग शेजारच्यांनी बोलावलं, मग त्यांच्या शेजारच्यांनी. बघता बघता अख्ख्या गल्लीच्या फुल्या एकसारख्या, देखण्या, ऑइलपेंटच्या झाल्या. मूळची गेरूची कुठली आणि रंगाची कुठली, आता ब्रह्मदेव आला तरी सांगता येणार नाही. काकू म्हणतात, त्यांची गेरूची होती. आता सगळेच म्हणतात, आपली गेरूची होती. बाबांना विचारलं, तुम्हाला तरी आठवतं का? म्हणाले, “मी रंग कशाला बघू? मी रेघ बघत होतो.”

मला इतका संताप आला की काय सांगू. पण त्यांचा चेहरा बघितला आणि ताट वाढायला घेतलं. फ्लेक्स आल्यापासून त्यांना कोणी काही रंगवायला सांगितलेलं नाही, धाकट्या. ते बिनकामाचे बसून होते, आणि आता घरोघरी शिडी लावून देत होते लोक त्यांना. रंगाने माखलेला शर्ट घालून ते जेवायला बसले होते. आई असती तर ओरडली असती. मी भाकरीचा तुकडा मोडून नुसती बघत राहिले.

आता तुझा दुसरा प्रश्न. आपल्या घरापासून सुरुवात केली होती त्यांनी. जसजशी गल्ली सरत गेली तसतसा हात थकला. हात थरथरतो त्यांचा. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, गोळ्या चालू आहेत. हे लिहिणार नव्हते. तू गेल्यापासून सुरू झालं, पण तू गेल्यामुळे झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही. शेवटच्या घराची फुली झाल्यावर बाबा खाली उतरून ती बराच वेळ बघत होते म्हणे. पुन्हा नीट करायला गेले नाहीत.

आता मी काय करू ते सांग. इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसले तर महिनाअखेरीस ट्रक येईल आणि फुली दिसेल त्या भिंतीला हात घालेल. काकूंची पडवी दोन मशिनींसकट जाईल, ती भिंत कदाचित नुसती फवारलेली असेल. बोलले तर पालिकेच्या खुणेत फेरफार केला म्हणून बाबांवर बालंट. आणि त्यांना त्यात लोटणारी मी, त्यांची मुलगी, पालिकेची नोकर. रात्रंदिवस हेच दळण दळते आहे आणि पीठ काही पडत नाही.

तू फोटोवरून एका नजरेत बाबांचा हात ओळखलास. मग पुढचंही तूच सांग. दोन ओळींत सांगितलंस तरी चालेल.

ताई

२७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर येण्याआधीच करून बसले. चुकलं असेल तर आता भरपाई नाही.

झालं असं की काकू खिडकीवर आल्या. रांगेत उभ्या राहून आल्या, ओळखीचा फायदा घेतला नाही. म्हणाल्या, “पडवी जाणार असेल तर मशिनी कुठे हलवू, तेवढं विचारायचं होतं. भावाकडे एकच मशीन मावेल.” मला मान वर करता येईना. त्या गेल्यावर खिडकी लावली आणि वर गेले.

‘बघतो साहेबां’ना सगळं सांगितलं. आधी ते हसले. मग हसू मावळलं आणि कपाळाला हात लावून बसले.

“सगळ्या गल्लीच्या?”

“सगळ्या.”

“कडसुद्धा काढली?”

“काळ्या रंगाची.”

“बाई, हे तुम्ही मला तोंडी सांगितलंत, म्हणजे मी ऐकलेलं नाही. लेखी द्या.”

लेखी कुठे द्यायचं? तक्रारखिडकीत. म्हणून परत खाली आले, खिडकी उघडली, कागद घेतला. तक्रारदार, मी. तक्रार कोणाविरुद्ध, तर वडील. तक्रार स्वीकारणार, मीच. शिक्का मारला, नोंद केली आणि पोच फाडून माझ्याच हातात दिली. शिपाईमामा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, “ताई, चहा आणू का?” तेव्हा मला रडू आलं.

ट्रक थांबला. गल्लीची नव्याने मोजणी होणार, आणि त्यासाठी मोठ्या साहेबांनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. माझ्या खिडकीसमोरून गेले, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी मागोमाग जाऊन दाराशी उभी राहिले.

साहेब म्हणाले, “आजोबा, पालिकेची खूण तुम्ही का बदललीत?”

“बदलली नाही साहेब, सुधारली. बदलायची असती तर पुसली नसती का?”

“पण हा गुन्हा होतो, माहीत आहे?”

“असेल. मग मला ताकीद द्या. पण आधी त्या माणसाला ब्रश धरायला शिकवा. सरकारच्या फुलीचे दोन पाय सारखे नकोत?”

मोठे साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. हसू लपवत होते की चिडले होते, मला कळलं नाही. ताकीद दिली आणि सोडलं. मलाही एक कागद मिळाला, माहिती उशिरा दिली म्हणून कारणे दाखवा. कारण काय लिहू? वडील आहेत, हे कारण त्या रकान्यात बसतं का?

आता गल्लीत निम्मे लोक माझ्याशी बोलत नाहीत. ज्यांना वाटत होतं आपण सुटलो, तेही पुन्हा मोजणीत आले ना. बाबांचं तर विचारूच नकोस. मी जेवण घेऊन गेले तर डबा घेतला आणि दार लावून घेतलं. डबा घेतला, यातच समाधान मानायचं की दार लावलं याचं वाईट वाटून घ्यायचं, तेवढंसुद्धा ठरवता येत नाही मला. आपल्या घरात रुसण्याचं असं आहे, तू बापाचाच मुलगा आहेस.

मी बरोबर केलं का रे? सकाळी वाटतं हो, दुपारी वाटतं नाही. संध्याकाळी वाटतं, हा प्रश्न मी दुसऱ्या कोणाच्या तरी खिडकीत टाकावा आणि पोच घेऊन घरी जावं.

ताई

९ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. या खेपेला पाऊण पान! ‘तू बरोबर केलंस, पण मी असतो तर केलं नसतं.’ ही शाबासकी आहे की टोमणा, मी अजून ठरवते आहे. ‘बाबांना गोळ्या वेळेवर दे’ हे मात्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. तू फोटोतला हात ओळखलास, तेही सांगितलं. बाबा आणि मी बोलत नाही आहोत, हे त्या भरात दोघेही विसरलो. त्यांनी गोळी घेतली.

मोजणी झाली. या वेळी ‘बघतो साहेब’ स्वतः फीत धरून आले आणि खरोखरच बघितलं. काकूंची पडवी वाचली. गल्लीतली बहुतेक सगळी घरं वाचली, त्यांची नुसती फवारणीच झाली होती. रेघेत आलं ते कोपऱ्यावरचं एकच घर. आपलं. समोरची खोली मधल्या दारापर्यंत.

म्हणजे बाबांनी पहिली जी फुली सुधारली, तीच तेवढी खरी होती. मी गप्प बसले असते तर आपली खोली गेलीच असती, आणि सोबत काकूंचंही छप्पर गेलं असतं. बोलले म्हणून गल्ली वाचली. मग मला आनंद व्हायला हवा ना? काकू आल्या, माझे दोन्ही हात धरले, म्हणाल्या, “तुझ्यामुळे गं.” मी हसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. मग बाहेर येऊन पुन्हा हसले. सोमवारी दिवेवाले आजोबा आले आणि म्हणाले, दिवा चालू आहे. त्यांच्यासमोरही डोळे भरून आले, तर घाबरून म्हणाले, “बंद पडला तर कळवीन हो.”

आता कामाचं लिहिते. खरं तर पहिल्या पत्रापासून हेच लिहायचं होतं, पण धीर होत नव्हता. आईनंतर घरावर आपल्या तिघांची नावं लागली आहेत. तुझ्या सहीशिवाय पालिकेच्या कागदाला अर्थ नाही. सोबत तो कागद आहे. त्यावर छापलं आहे, ‘हरकत आहे / हरकत नाही’, आणि खाली, ‘नको ते खोडावे’. हरकत घेतली तर सुनावणी होईल. पलीकडे ते बंद गोदाम आहे, रेघ तिकडे सरकवता येईल का, हे मोठे साहेब तपासतील. सरकेलच असं नाही. हरकत नसेल तर खोलीच्या बदल्यात नव्या बाजारात एक गाळा मिळेल. गाळा चांगला आहे, मी जाऊन बघून आले. तुझं यंत्र मावेल आणि एका कोपऱ्यात ब्रशही मावतील. हे मी मोजून बघितलं, असं समजू नकोस. बरं, मोजलं.

मी बाबांना विचारलं, काय खोडू? म्हणाले, “मला काय विचारतेस? खोलीवरून भांडण त्याचं-माझं होतं. माझं म्हणणं मी तीन वर्षांपूर्वी सांगितलं. आता त्याने ठरवायचं.”

“आणि तो म्हणाला, जाऊ दे खोली?”

“मग जाऊ दे.”

मला हे कळलं नाही, धाकट्या. ज्या खोलीपायी त्यांनी मुलगा घालवला, तीच खोली ते मुलाच्या हातात देतात, म्हणजे ते हरले, की दमले, की आणखी काही? विचारायची हिंमत झाली नाही. त्यामुळे कागदावर काहीच खोडलेलं नाही. ते तुझं काम.

मग सह्या. मी सवयीने पेन्सिलीने बाबांच्या नावापुढे फुली केली, माझ्या नावापुढे केली. बाबांनी सही केली, मी केली. तुझ्या नावाशी आले आणि माझा हात थांबला. तुझ्या नावापुढे फुली! या घरात त्या दोन शब्दांचा काय अर्थ आहे, ते आपण तिघेच जाणतो. म्हटलं, राहू दे, पत्रातच लिहून कळवू कुठे सही करायची ते.

बाबा म्हणाले, “त्याची जागा कुठली?”

मी बोट ठेवलं. त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली. चष्मा सरळ केला, डावा हात उजव्याच्या मनगटावर दाबून धरला आणि तुझ्या नावापुढे स्वतः फुली काढली. फार वेळ लागला. एक पाय लांब झाला, एक आखूड, आणि एक रेघ तर सुटून खालच्या ओळीत गेली.

मी खोडरबर पुढे केला. म्हटलं, द्या, मी नीट काढते.

त्यांनी माझा हात बाजूला सारला.

“वाकडीच असू दे,” म्हणाले. “ती त्याला ओळखता येईल.”

ताई